गेलेल्यांचा डोंगर

जपानमध्ये घरात कोणी गेलं की देव्हाऱ्यावर पांढरा कागद चिकटवतात. देवाला मरणाचा विटाळ लागू नये म्हणून. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळच्या देवधर्माच्या, रीतीत हा काळ पन्नास दिवसांचा. तेवढे दिवस घरातल्या माणसांनी देवळाच्या तोरीखालून, म्हणजे त्या लाकडी नाहीतर दगडी कमानीखालून, आत जायचं नाही. त्या वर्षी नववर्षाची शुभेच्छापत्रंही धाडायची नाहीत. उलट वर्ष संपायच्या आत ओळखीच्या सगळ्यांना एक साधं पत्र टाकायचं, की यंदा आमच्याकडे दुखवटा आहे, तेव्हा शुभेच्छा पाठवत नाही, राग मानू नये.

बाबा गेले त्या वर्षी मीही ही पत्रं टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या आणि शेजारपाजारच्या माणसांना आपलं दुःख त्यांच्याच रीतीने कळवावं असं वाटलं, एवढंच. त्या पत्रांनी मला धीर दिला. सुतक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही असा हा देश आहे. समोरच्या आजींना पत्र मिळालं त्या संध्याकाळी त्या दारात आल्या, कमरेत वाकून नमस्कार केला, मिकान संत्र्यांची पिशवी माझ्या हातात ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या.

पण त्याच वर्षात एक गोष्ट मनाला टोचत राहिली. मला इथली शिंतो देवळं फार प्रिय आहेत. त्यांची झाडी, पाण्याचं कुंड, ओगराळ्याने हातावर घेतलेलं गार पाणी, रिकाम्या वाटणाऱ्या गाभाऱ्यासमोर दोनदा वाजवलेली टाळी. मात्र ही सगळी जगणाऱ्यांची देवळं. बाळ महिन्याचं झालं की त्याला तिथे नेतात, तीन-पाच-सात वर्षांच्या पोरांना नटवून नेतात, लग्नं लावतात, परीक्षेआधी नवस बोलतात, नवी गाडी घेतली की तिची पूजा करतात. माणूस मेला की सगळं बौद्ध मंदिराकडे जातं: अंत्यविधी, थडगं, वर्षश्राद्धं. ही वाटणी इतकी जुनी आहे की इथे कुणाला ती खटकत नाही. मला मात्र दुःख घेऊन झाडीतल्या त्या देवळातच जावंसं वाटायचं, आणि नेमकं तिथेच दुःखाला मज्जाव होता.

म्हणून हागुरोला जायचं ठरवलं, आणि आई भारतातून माझ्याकडे आली तेव्हा तिला घेऊन गेले.

हागुरो उत्तर जपानमध्ये, यामागाता प्रांतात आहे. गास्सान, युदोनो आणि हागुरो या तीन पर्वतांना मिळून देवा सान्झान म्हणतात. यातलं 'देवा' हे या भागाच्या जुन्या प्रांताचं नाव. हागुरो जेमतेम ४१४ मीटरचा, झाडीने भरलेला. युदोनो १५०४ मीटर. आणि गास्सान, चंद्राचा पर्वत, १९८४ मीटर, वर्षातला बराच काळ बर्फाखाली. पायथ्याशी शोनाईचं मैदान, नजर पोचेल तिथवर भातशेती. या मैदानातल्या लोकांची समजूत अशी, की माणूस गेला की त्याचा जीव आधी गावाजवळच्या टेकडीवर थांबतो. लगेच दूर जात नाही. मग वर्षं सरतात, मागे राहिलेल्यांचं रडणं निवतं, तसा तो हळूहळू वर चढत गास्सानवर पोचतो, आणि तिथून आपल्या शेतांवर लक्ष ठेवतो. शेतात वाकलेल्या माणसाने मान वर केली की समोर गास्सान. म्हणजे रोज काम करताना आपले आजी-आजोबा समोर दिसतात.

टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान गाडीने नीगाताला आणि तिथून 'इनाहो' गाडीने जपानच्या समुद्राच्या कडेकडेने त्सुरुओकाला जायचं. इनाहो म्हणजे भाताची लोंबी, हे सांगितल्यावर आई खुलली. ती कोकणातली, भाताच्या घरातली. ऑक्टोबरची सुरुवात होती, बरीचशी कापणी झाली होती. एका बाजूला करडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कापलेली शेतं. समुद्राकडे तिने फारसं पाहिलंच नाही. एके ठिकाणी उभ्या खांबांभोवती भाताच्या पेंढ्या रचून वाळत ठेवल्या होत्या, ते बघून म्हणाली, "अजून हातानं करतात गं कुणीकुणी." बाबांच्या मागे आमची शेतं दुसऱ्याला कसायला दिली आहेत. तो विषय तिने काढला नाही, मीही नाही.

डोंगराच्या पायथ्याशी तोगे नावाचं गाव आहे. हे सगळं गावच यात्रेकरूंना उतरवून घेणाऱ्या घरांचं. एडो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथे अशी तीनशेहून जास्त घरं होती, आज तीसेक उरली आहेत. ही घरं चालवणारी कुटुंबं यामाबुशींची, म्हणजे डोंगरात राहून तप करणाऱ्या साधकांची. प्रत्येक घराला पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली गावं असतात. हिवाळ्यात यामाबुशी त्या गावांत घरोघर जाऊन देवळाचे अंगारे-ताईत वाटायचे, आणि उन्हाळ्यात त्या गावचे लोक इथे येऊन त्यांच्याच घरी उतरायचे. काही घरांत हा रिवाज अजून चालू आहे. दारांवर मनगटाहून जाड असे गवताचे दोर टांगलेले दिसतात. ३१ डिसेंबरच्या रात्री डोंगरावर मोठा सण होतो. गवताची अजस्र किडीसारखी आकृती करून जाळतात, रोगराई आणि पिकावरची कीड जळावी म्हणून. त्या सणातला दोर मिळाला की वर्षभर दारावर ठेवायचा.

रात्रीचं जेवण आईच्या लक्षात राहील. ती माळकरी. जपानमध्ये तिच्या जेवणाची मला कायम धास्ती, कारण भाजीच्या साध्या रश्श्यातसुद्धा माशाचा अर्क असतो. इथे तो प्रश्नच नव्हता. डोंगरावर चढणाऱ्याने आधी शरीर शुद्ध करायचं म्हणून या घरांत पूर्ण शाकाहारी अन्न रांधतात, रस्सा समुद्रशेवाळ आणि सुक्या अळंब्यांचा. काळ्या-लाल लाखेच्या चौरंगावर लहानलहान वाट्या आल्या. वसंतात खुडून सुकवलेले नेच्याचे गुंडाळलेले कोंब भिजवून शिजवलेले, गास्सानच्या उतारावरचे बारीक वेळूचे कोंब, पावसानंतरची अळंबी. आणि तिळाचा तोफू. तो खास सांगायला हवा. तीळ भाजून गंधासारखे बारीक वाटायचे, त्यात कुझू नावाच्या कंदाचं सत्त्व आणि पाणी घालून मंद आचेवर आटवायचं. हात थांबला की गुठळी झालीच. घट्ट झालं की साच्यात ओतून वड्या पाडायच्या, वर ऊन, दाट, गोडसर-खारट रस घालून द्यायच्या. आईने वडी चमच्याने कापली, ती थरथरली पण मोडली नाही. तिने पहिला घास खाल्ला आणि घरच्या बाईंना हाताने ढवळायची खूण करून विचारलं, किती वेळ? बाईंनी आत जाऊन लाकडी उलथनं आणून दाखवलं, त्याची एक कड झिजून तिरपी झाली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. माझी गरजच पडली नाही.

सकाळी निघालो. हागुरोच्या माथ्यावर बसही जाते, आणि आईचे गुडघे पाहता मी बसचं वेळापत्रक आधीच काढून ठेवलं होतं. ती म्हणाली, "आधी चढून तर बघू. नाही जमलं तर बसू तिथंच पायरीवर." माथ्यापर्यंत २४४६ दगडी पायऱ्या आहेत.

गंमत अशी की देवळाकडे जाणारी वाट आधी खाली उतरते. झुइशिनमोन नावाच्या लाल दरवाजातून आत शिरलं की उतार लागतो, आणि बाहेरचं जग पाठीमागे वर राहतं. खाली हाराइगावा नदी, तिच्यावर लाल पूल. पूर्वी यात्रेकरू नदीत उतरून अंग धुवायचे आणि मगच पुढे जायचे. पुलावरून समोरच्या कड्यावरचा धबधबा दिसतो. तो निसर्गाचा नाही, सतराव्या शतकात गास्सानच्या बाजूने आठेक किलोमीटर पाट काढून ते पाणी इथे आणून सोडलेलं आहे. आणणाऱ्याचं नाव तेन्यू. त्याच्याबद्दल पुढे.

पूल ओलांडला की सीडर सुरू होतात. जपानी भाषेत सुगी. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी, साडेतीनशे ते पाचशे वर्षांचे, सरळसोट, पहिली फांदी आपल्या डोक्यावर कितीतरी उंच. खाली ऊन पोचतच नाही, दगडांवर शेवाळ, हवेत ओल्या सालीचा वास. पहिल्याच वळणाला सगळ्यांत म्हातारं झाड आहे, 'आजोबा सुगी', हजार वर्षांहून जुनं मानतात. त्याच्या बुंध्याला बांधलेला पवित्र दोर एखाद्या घराला वळसा घालावा तेवढा लांब. शेजारी एक 'आजी सुगी'ही होती. ती १९०२ सालच्या वादळात पडली. मी फलकावरचं हे आईला वाचून दाखवलं. आई झाडापाशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "तरी उभा आहे म्हातारा," आणि पुढे चालू लागली.

त्यानंतर लगेच झाडांमध्ये पाच मजली पॅगोडा दिसतो. २९ मीटर उंच, रंग न दिलेल्या लाकडाचा, वर लाकडाच्या पातळ फळ्यांची छपरं. हे सध्याचं बांधकाम चौदाव्या शतकातलं, जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलेलं. मी त्याची छायाचित्रं अनेकदा पाहिली होती. छायाचित्रात कळत नाही ते हे, की त्याच्याभोवती काहीच नाही. कुंपण नाही, आवार नाही, दुसरी इमारत नाही. नुसती झाडं, आणि त्यांच्यात झाडासारखाच उभा तो.

ती मोकळी जागा बघून मला वाईट वाटलं, आणि ते का वाटलं हे सांगायचं तर इतिहासात शिरावं लागेल.

पॅगोडा ही बौद्ध वास्तू. मग ती शिंतो देवळाच्या वाटेवर कशी? कारण हजारएक वर्षं या डोंगरावर शिंतो आणि बौद्ध असे दोन भाग नव्हतेच. हागुरोचा देव म्हणजेच कान्नोन, आपला अवलोकितेश्वर. गास्सानचा देव म्हणजे अमिताभ बुद्ध, युदोनोचा म्हणजे महावैरोचन बुद्ध. हागुरो हे आजचं जग, गास्सान मरणानंतरचं, युदोनो पुन्हा जन्माचं. यात्रेकरूने तिन्ही चढायचे, म्हणजे जगायचं, मरायचं आणि नवा होऊन घरी परतायचं. यामाबुशी शंख फुंकत, होम करत, बीजाक्षरं लिहीत. होमाचा तो विधी आणि ती अक्षरं भारतातून चीनमार्गे तांत्रिक बौद्ध पंथांबरोबर आलेली, आणि ती म्हणत असताना समोर जपानी पर्वतदेव. त्यात कुणाला विसंगती दिसत नव्हती.

१८६८ मध्ये मेइजी सरकार आलं आणि त्याने फर्मान काढलं की देव आणि बुद्ध वेगळे करा. सम्राटाच्या नावाने उभ्या राहणाऱ्या नव्या राष्ट्राला शुद्ध, स्वदेशी शिंतो हवा होता. १८७२ मध्ये यामाबुशींचा पंथच कायद्याने बंद केला. १८७३ मध्ये हागुरोवर सरकारने नेमलेला नवा मुख्य पुजारी आला आणि डोंगर साफ करायला लागला. पायऱ्यांच्या कडेला, माथ्यावर, पॅगोडाच्या भोवती जी बौद्ध मंदिरं आणि मठ होते ते पाडले गेले. मूर्ती बाहेर काढल्या. कितीएक विकल्या गेल्या, कितीएक नष्ट झाल्या. दरवाजातल्या बौद्ध द्वारपालांच्या जागी शिंतो रक्षक बसवले. पॅगोडा वाचला. त्यातली कान्नोन गेली आणि ओकुनिनुशी हा शिंतो देव आला. पाटी बदलून जीव वाचवला त्याने.

मला हे फर्मान चुकीचं वाटतं, आणि दीडशे वर्षांनंतरही त्याचा राग येतो. लोकांनी शतकानुशतकं ज्या दोन गोष्टी एका श्वासात जपल्या, त्या कागदावरच्या एका ओळीने तोडायचा अधिकार कुणालाच नव्हता. शुद्ध करायच्या नावाखाली डोंगर मोकळा केला, एवढंच झालं. जवळच्या सकाता शहरातल्या एका गृहस्थांनी पांगलेल्या मूर्ती एकेक करून शोधल्या आणि सांभाळल्या. दोनशेहून जास्त. त्या पुढे देवळाला परत मिळाल्या आणि आता माथ्यावरच्या संग्रहालयाशेजारच्या दालनात ओळीने उभ्या आहेत. त्यांच्यापुढे उभं राहिलं की कुठली मूर्ती कुठल्या मंदिरातली हे विचारायचं धाडस होत नाही.

पायऱ्यांची चढण तीन टप्प्यांत आहे. दुसरा टप्पा सगळ्यांत उभा. बेन्केइ नावाच्या प्रसिद्ध योद्ध्या भिक्षूच्या हातातलं तेल इथे सांडलं म्हणून त्याला 'तेल-सांडणी' म्हणतात. आई तिथे दर दहा पायऱ्यांवर थांबायची. थांबली की दगड निरखायची, आणि तिलाच पहिलं कोरीवकाम सापडलं: पायरीच्या पोटात हातभर दगडावर कोरलेला भोपळ्याचा तुंबा. मग पुढे एक पेला सापडला. अशी ३३ चित्रं या पायऱ्यांवर विखुरलेली आहेत, आणि सगळी सापडली तर इच्छा पुरी होते म्हणतात. कडा इतक्या झिजल्या आहेत की बोट फिरवल्याशिवाय कळत नाहीत. आई प्रत्येकावर बोट फिरवत होती.

या पायऱ्या आणि यातले बरेचसे सीडर त्या तेन्यूचे. तो सतराव्या शतकात या डोंगराचा प्रमुख होता. तेरा वर्षं काम चालून १६४८ मध्ये पायऱ्या पुऱ्या झाल्या. वाटेवर त्याने झाडं लावून घेतली. पाट काढला, धबधबा आणला. पण डोंगराच्या कारभारावरून वाद पेटले, तक्रारी एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, शोगुनशाहीपर्यंत, तिथल्या लष्करी सरकारपर्यंत गेल्या, आणि १६६८ मध्ये त्याला इझु बेटांतल्या नीजिमा बेटावर हद्दपार केलं. तिथेच १६७४ मध्ये तो वारला. आपण लावलेली रोपं पुरुषभर उंच झालेलीसुद्धा त्याने धड पाहिली नसतील. पंधरा वर्षांनी, १६८९ मध्ये, बाशो हा कवी उत्तरेच्या पायी प्रवासात हागुरोला आला आणि इथे मुक्काम केला. त्या वेळच्या प्रमुखाच्या विनंतीवरून त्याने तेन्यूसाठी श्रद्धांजलीची कविता लिहिली. दूर बेटावर मेलेल्या माणसाला शब्दांनी पुन्हा त्याच्या डोंगरावर आणलं. हागुरोच्या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट हीच. शेवटच्या वेळी जवळ नसणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.

दुसरा टप्पा संपतो तिथे एक चहाचं घर आहे. झाडं बाजूला होतात आणि खाली शोनाईचं मैदान उघडतं. तिथे 'बळाचे मोची' मिळतात, तांदूळ कुटून केलेले ऊन गोळे, सोयाबीनच्या भाजलेल्या पिठात घोळवलेले. दुकानातल्या बाई आईला बघून लगेच आतून उशी घेऊन आल्या. आईने दोन्ही पाय लांब केले, गुडघ्यांवर हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना इथून शेतं दाखवायला हवी होती." बाबा गेल्यानंतर तिने त्यांच्याबद्दल असं सहज बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

माथ्यावरच्या मुख्य देवळाचं छप्पर हे वर आल्यावर दिसणारं पहिलं नवल. २.१ मीटर जाडीचं गवती छप्पर. दोन मीटर जाड गवत म्हणजे काय, हे खाली उभं राहून त्याची कापलेली कड पाहिल्याशिवाय पटत नाही. आत लाल लाखेचं काम. आजची इमारत १८१८ ची. गास्सान आणि युदोनो हिवाळ्यात बर्फाने बंद होतात, म्हणून तिन्ही पर्वतांचे देव इथे एकत्र पुजले जातात. जिला वरचे दोन डोंगर चढणं शक्य नाही तिला इथे तिघांचं दर्शन मिळतं. आईला हे फार समजूतदारपणाचं वाटलं. समोरच्या तळ्यातून शेकडो जुने कांस्याचे आरसे निघाले, हेइआन काळापासून, म्हणजे आठशे-हजार वर्षांपूर्वीपासून, लोकांनी देवाला वाहिलेले. त्यांतले १९० संग्रहालयात जपले आहेत. बाजूच्या मनोऱ्यात १२७५ सालची प्रचंड घंटा.

हा डोंगर पहिल्यांदा उघडला तोही एका पोरक्या झालेल्या मुलाने, अशी कथा आहे. राजपुत्र हाचिको हा सम्राट सुशुनचा मुलगा. ५९२ मध्ये दरबारातल्या बलाढ्य सोगा घराण्याने सुशुनची हत्या करवली. मुलगा जिवाच्या भीतीने बोटीतून उत्तरेला पळाला, शोनाईच्या किनाऱ्याला लागला, आणि तीन पायांच्या कावळ्याने वाट दाखवत त्याला हागुरोवर आणलं. साल ५९३ सांगतात. त्याची चित्रं मी पाहिली आहेत. काळवंडलेला, तोंड कानापर्यंत फाकलेलं, पाहताच दचकायला होईल असा चेहरा. इथले लोक सांगतात, त्याने येणाऱ्या प्रत्येकाचं दुःख ऐकून घेतलं, आणि त्या सगळ्या दुःखाने त्याचा चेहरा असा झाला. संस्थापकाचा चेहरा असा ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला मोठा आदर वाटतो. सुंदर चेहरा काढणं त्यांना अवघड नव्हतं.

आणि मग रेइसाइदेन. मी इथवर आले ते याच्यासाठी.

मुख्य देवळापासून थोडं बाजूला असलेली ही इमारत गेलेल्यांसाठी आहे. शिंतो देवळाच्या आवारात, तोरीच्या आत, पूर्वजांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायची जागा. ही गोष्ट इतर कुठल्या मोठ्या देवळात मी पाहिलेली नाही. बाहेर जिझोच्या लहान दगडी मूर्तींच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये खोचलेली कागदाची, प्लास्टिकची भिरभिरी. जिझो हा बौद्ध बोधिसत्त्व, मेलेल्या पोरांचा सांभाळ करणारा. १८७३ नंतर त्याला इथे जागाच असायला नको. पण तो आहे, डझनांनी आहे, आणि कुणीतरी त्याच्या गळ्यात नवं लाल लाळेरं बांधून गेलं आहे.

तिथे उभी असताना मला कळलं की फर्मानाने मूर्ती हलवल्या, पण या मैदानातले लोक आपल्या मेलेल्यांना कुठे हलवणार होते? त्यांचे आईवडील तर आधीच गास्सानच्या वाटेवर होते. हागुरो ती वाट सुरू होण्याचं ठिकाण. वरचा देव कान्नोन म्हणवून घेवो की दुसऱ्या कुठल्या नावाने, माणसं आपल्या गेलेल्यांसाठी येतच राहिली, आणि देवळाला त्यांच्यासाठी दार ठेवावंच लागलं. इतर देवळांत मरण बाहेर थांबतं. इथे ते पायऱ्या चढून आत येतं, कारण इथल्या समजुतीत मेलेला माणूस विटाळ नाही, तो वाटसरू आहे.

आईला मी एवढंच सांगितलं की ही जागा आपल्या माणसांसाठी आहे. तिने चपला नीट बाजूला काढल्या. हात जोडले, डोळे मिटले, आणि मोठ्याने, स्पष्ट, गोत्रासकट बाबांचं पूर्ण नाव घेतलं. लग्नापासून तिने त्यांचं नाव कधी उघड घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, उखाण्यातलं सोडून. शेजारी एक जपानी जोडपं होतं, त्यांनी तिचं होईपर्यंत आपली प्रार्थना थांबवली. मी बाबांना काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

यामाबुशींबद्दल सांगायचं राहिलं. बंदी उठल्यावर ते परत आले. दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस 'शरदाचं शिखर' नावाचं त्यांचं तप होतं, आणि फाटाफुटीमुळे ते आता दोन ठिकाणी होतं: देवळाचं वेगळं, बौद्ध मंदिराचं वेगळं. डोंगर तोच, काळ तोच. साधक पांढरे कपडे घालतात, ते प्रेताचे कपडे. डोंगरात शिरणं म्हणजे मरणं, आणि तिथेच आईच्या गर्भात पुन्हा राहणं. बंद खोलीत मिरच्या आणि कोंडा जाळून धूर करतात, तो नरकाचा अनुभव. शेवटच्या दिवशी नव्या बाळाने फोडावा तसा टाहो फोडत ते डोंगर उतरतात आणि आगीवरून उडी मारतात. दोन्ही गट हेच करतात. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकांनी तरुणपणापासून हे तप अनेकदा केलं आहे. मी त्यांना विचारलं, दोन वेगळी तपं बघून वाईट नाही वाटत? ते म्हणाले, डोंगराला दोन वाटा असल्या तर बिघडलं कुठे.

परत जाताना आईने बसचा पर्याय मुकाट्याने स्वीकारला, पायऱ्या उतरणं गुडघ्यांना चढण्याहून वाईट. रात्री तिने मालकांना माझ्यामार्फत विचारलं, गास्सानला कधी जाता येतं? शिखरावरचं देऊळ १ जुलैला उघडतं आणि सप्टेंबरच्या मध्याला बंद होतं, ते म्हणाले. आठव्या टप्प्यापर्यंत, साधारण १४०० मीटरवर, बस जाते. तिथून शिखर अडीच-तीन तासांची चाल, दगडांतून, कुठेकुठे जुलैतही बर्फावरून. आईचे गुडघे त्यांनी पाहिले होते. त्यांनी कागदावर नकाशा काढून दाखवला: आठव्या टप्प्यावरच मिदाहारा नावाचं पठार आहे, लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, आणि गास्सानचं मधलं देऊळही तिथेच आहे. ज्याला वर जमत नाही तो तिथे हात जोडतो, ते वरपर्यंत पोचतं. पठारावर लहानलहान तळी आहेत, पाणी भरलेल्या भातखाचरांसारखी. देवांनी तिथे भात लावला होता, असं लोक म्हणतात.

"भात?" आईने पुन्हा विचारून घेतलं. मग बोटांवर महिने मोजले आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, आषाढी झाली की येते."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मी व्हिसाचे कागद बघायला सुरुवात केली आहे.